हात वर जाईना झालाय

७ ऑक्टोबर, तासगाव

द्राक्षाच्या फळछाटण्या जोरात सुरू आहेत आणि माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात कोपरं यायला लागली आहेत. आज आलेल्यांत बहुतेक सगळे कात्री चालवणारे. दुखण्याची जागा ठरलेली. कोपराच्या बाहेरच्या अंगाला हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो, तिथे बोट टेकवलं की माणूस हात ओढून घेतो. मनगट उचलून धरणारे स्नायू तिथूनच निघतात. कात्री मिटतात ती बोटं, पण बोटांना जोर यायचा तर मनगट ताठ राहावं लागतं, आणि ते काम या स्नायूंचं. सकाळी सातपासून काडीमागून काडी छाटत गेलं की त्यांच्या मुळाशी असलेला कंडरा झिजत जातो. सुजेपेक्षा झीजच जास्त असते, म्हणून सुजेवरच्या गोळ्यांनी चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा पहिल्यासारखं.

मणेराजुरीकडचा एक तरुण वडिलांबरोबर आला होता. टेनिस एल्बो म्हटल्यावर त्याला पटेना. मग सचिनचं सांगितलं. २००४ मध्ये याच दुखण्यापायी त्याच्या ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या पहिल्या दोन कसोट्या हुकल्या, आणि मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया करावी लागली. वडिलांनी मान डोलावली, त्यांना ते दिवस चांगले आठवत होते. मुलाचा पहिला प्रश्न, "म्हणजे माझं पण ऑपरेशन?" नाही. दहातल्या बहुतेकांना त्याची गरजच पडत नाही, पण बरं व्हायला महिने लागतात आणि तेवढा धीर धरावा लागतो.

त्याची कात्री मागून घेतली. पात्याला धार नव्हती, मुठीवरचं रबर निघालेलं. आधी धार, मग मुठीला जाड पट्टी. व्यायाम एकच दिला: हात टेबलावर, मनगट कडेबाहेर, तळवा खाली, मुठीत अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली. दुसऱ्या हाताने मनगट वर उचलायचं आणि दुखऱ्या हाताने अगदी सावकाश खाली सोडायचं. इंजेक्शन हवं होतं त्याला, "एका सुईत मोकळं." त्याला खरं ते सांगितलं: स्टेरॉईडच्या इंजेक्शनने महिनाभर छान वाटतं, पण वर्षाने पाहिलं तर न घेतलेल्यांची कोपरं जास्त बरी असतात. हे अभ्यासांतून पुरेसं सिद्ध झालेलं आहे. तरी लोक सुई मागतात, कारण मजुरी आजची असते. त्यांना नावं ठेवणं मला जमत नाही.

१४ ऑक्टोबर

प्राथमिक शाळेतल्या बाई आल्या. वय ५२, दहा वर्षांची साखर. उजवा खांदा जूनपासून दुखतोय. आधी रात्री कुशीवर वळलं की कळ, मग वेणी घालता येईना, मग ब्लाऊजचे हूक मुलीकडून लावून घ्यायची वेळ. फळ्यावर वरच्या ओळी लिहिता येत नाहीत म्हणून मधल्या ओळीपासून सुरुवात करतात. घरी सगळ्यांनी सांगितलं, हलवू नका. म्हणून त्यांनी दुकानातून गळ्यात अडकवायचा पट्टा आणला आणि तीन महिने हात त्यात.

एक्स-रे स्वच्छ होता, या दुखण्यात तो स्वच्छच असतो. कोपर अंगाला चिकटवून हात बाहेर वळवायला सांगितलं. डावा ६५ अंश गेला, उजवा १० वर अडला. मग मी स्वतः वळवून पाहिला, तरी १० वरच. इथेच निदान होतं. कंडरा फाटला असेल तर माणसाला स्वतः हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने उचलला तर जातो. फ्रोझन शोल्डरमध्ये कुणीही उचलला तरी जात नाही, कारण सांध्याभोवतीचं आवरणच जाड होऊन आकसलेलं असतं. आणि सगळ्यात आधी जातं ते हे बाहेर वळणं.

साखर असलेल्या माणसांत हे इतरांपेक्षा कितीतरी जास्त आढळतं, चाळिशी ते साठीच्या बायकांत विशेष. बाईंना साखरेच्या डॉक्टरांनी पाय तपासून घ्यायला सांगितलं होतं, डोळे तपासायला सांगितलं होतं, खांद्याबद्दल कुणी बोललं नव्हतं. मला वाटतं साखरेच्या प्रत्येक कागदावर एक ओळ असायला हवी: दर महिन्याला दोन्ही हात पाठीमागे नेऊन बघा, दोन्ही सारखे वर जातात का.

पट्टा काढून ठेवायला सांगितला. दिवसातून चार-पाच वेळा, शेक घेऊन: कमरेत वाकून हात लोंबता सोडून झुलवायचा, भिंतीवर बोटांनी चढायचं, झाडूच्या दांड्याने चांगल्या हाताने दुखरा हात बाहेर ढकलायचा. कळ येईल तिथे थांबायचं, कळीच्या पुढे जबरदस्ती नाही. एक ते तीन वर्षंही लागू शकतात हे त्यांना आजच सांगितलं. काही सहकारी हे पहिल्या दिवशी सांगत नाहीत, पेशंट घाबरून जाईल म्हणून. माझा अनुभव उलटा आहे. मुदत कळली की माणूस व्यायाम सोडत नाही. मुदत माहीत नसलेला पंधरा दिवसांत दुसरीकडे जातो.

१८ ऑक्टोबर

दिवाळीच्या तोंडावर चकलीचा सोऱ्या फिरवून दोन कोपरं, माळे झाडून तीन खांदे. सगळ्यांना एकच सांगितलं, फराळ दोन दिवसांत संपवायचा हट्ट सोडा आणि घरातल्या पुरुषांना सोऱ्या द्या. एका काकांनी खरंच दिला हात, त्यांच्या बायकोनेच सांगितलं.

२७ ऑक्टोबर

आजचा मुलगा सात वर्षांचा. पेरूच्या झाडावरून हात टेकून पडला आणि कोपराच्या अगदी वरच्या बाजूला दंडाचं हाड मोडलं. लहान मुलांत कोपराचं सगळ्यात जास्त दिसणारं फ्रॅक्चर हेच. शस्त्रक्रिया चांगली झाली होती, तारा घातल्या, चौथ्या आठवड्यात काढल्या. त्यानंतर कोपर पुरतं सरळ होईना म्हणून आजीने कोमट तेलाने रोज सकाळ-संध्याकाळ रगडायला सुरुवात केली, आणि शेजारणीच्या सांगण्यावरून मुलाला पाण्याची बादली धरून अंगणात चालायला लावलं. वजनाने हात सरळ होईल म्हणून.

मुलगा दारातच रडायला लागला. मला तो मालिशवाली समजला होता.

आधी हात न लावता नुसता बघितला. कोपर कोमट, पुढच्या बाजूला थोडं टणक. दुखापत झालेलं कोपर रगडलं, जबरदस्तीने ताणलं, तर पुढचा स्नायू फाटतो, त्यात रक्त साठतं आणि त्या जागी हाड धरायला लागतं. स्नायूत हाड. मग कोपर खरंच कायमचं अडतं. आपल्याकडे हाडवैद्याकडून आणि घरच्या मालिशीने असे हात किती बिघडले असतील याचा हिशेब कुणाकडे नाही, पण गावात तिशीतला एखादा माणूस कोपर अर्धवट वाकवून चालताना दिसतो तेव्हा मी बहुतेक वेळा विचारते, आणि बहुतेक वेळा उत्तर तेच येतं: लहानपणी पडलो, मग चोळून घेतलं.

आजीला बोलावून शेजारी बसवलं. "आजी, तुमच्या हातात माया आहे, पण या कोपराला दुसऱ्या कुणाचाच हात नको. माझाही नको." त्या म्हणाल्या, "मग नीट कसं व्हायचं गं बाई?" त्याचं तोच वाकवेल, त्याचं तोच सरळ करेल. चेंडू खेळू द्या, पाण्यात हात मारू द्या, जेवताना त्याच हाताने घास घेऊ द्या. या वयात कोपर बरंचसं आपोआप सुटतं, फक्त काही महिने जातात. शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांशी फोनवर बोलले, एक्स-रे पुन्हा काढायला सांगितला.

जाताना आजींनी विचारलं, पायाला तेल लावू का मग. पायाला लावा.

खांदा आणि कोपर एकाच दंडाच्या दोन टोकांना आहेत, पण त्यांचे स्वभाव उलटे. खांदा बांधून ठेवला की आखडतो, आणि लागलेलं कोपर दुसऱ्याने ओढलं की आखडतं. आपल्याकडे नेमकं उफराटं होतं: खांद्याला पट्टा आणि कोपराला मालिश.

९ नोव्हेंबर

किराणा दुकानदार, पंचावन्नच्या आसपास. डावा खांदा आणि दंड दुखतोय, आठ दिवस. मी हात सगळ्या बाजूंनी फिरवला: वर, मागे, बाहेर, जोर लावून. कुठेच दुखेना. दाबून पाहिलं, नाही. मान वळवून पाहिली, नाही. कधी दुखतं विचारलं तर म्हणाले, पोतं उचलून माळ्यावर चढलो की. बसलं की थांबतं. आणि त्या वेळी घाम येतो.

हात कसाही हलवला तरी बदलत नाही आणि चढण चढताना येतं, ते खांद्याचं दुखणं नसतं. मुलाला दुकानातून बोलावून घेतलं, तसंच रिक्षात घालून ईसीजीला पाठवलं. ते चिडले होते, शेक घ्यायला आलो आणि ही बाई दवाखान्यात धाडते म्हणून.

१० नोव्हेंबर

दुकानदारांना मिरजेला दाखल केलं. एक रक्तवाहिनी बरीच बंद होती, स्टेंट टाकली. मुलाचा फोन आला होता.

२४ नोव्हेंबर

आज सुट्टी होती म्हणून बागेत गेले. डिपिंग चालू आहे. टोळीतल्या दोन मावश्या गेल्या आठवड्यात खांदे घेऊन आल्या होत्या, आणि त्या नेमकं काय करतात हे पाहिल्याशिवाय त्यांना काही सांगणं बरोबर वाटेना.

मंडपाखाली उभं राहिलं की घड डोक्याच्या थोडे वर येतात. प्रत्येकीच्या हातात प्लास्टिकचा मग, त्यात जीएचं (जिब्रेलिक आम्लाचं) पाणी. मग घडाखाली न्यायचा, वर उचलायचा, घड पूर्ण बुडवायचा, खाली आणायचा, घड झटकायचा, पुढचा घड. मान मागे टाकलेली, कोपर कानाच्या वर. मी एका ओळीतल्या एका मावशीबरोबर चालत राहिले. बोलत होती, हसत होती, आणि हात एकदाही खांद्याच्या खाली आला नाही. ओळ संपली की बादलीतून मग भरायचा तेवढाच काय तो विसावा.

हात वर जाताना दंडाच्या हाडाचं टोक आणि वरचं खांद्याचं छप्पर यांच्यामधून एक कंडरा सरकतो. जागा मुळातच चिंचोळी. हात साधारण ६० ते १२० अंशांमध्ये असतो तेव्हा तो सगळ्यात जास्त दाबला जातो, म्हणून या मावश्या सांगतात, "अर्ध्यावर कळ येती, पार वर गेला की बरं वाटतं." पुस्तकात जे लिहिलंय तेच त्या बोलतात, फक्त पुस्तक त्यांना कुणी वाचून दाखवलेलं नाही. त्यात मगाचं वजन. हात लांब असताना हातातल्या वजनाच्या कितीतरी पट ताण खांद्याच्या लहान स्नायूंना सोसावा लागतो. भरलेला मग अर्ध्या किलोहून जास्त भरतो.

टोळीची मुकादम बाईच आहे. तिच्याशी बसून बोलले. मग अर्धाच भरा. तेवढ्यात घड बुडतो का ते तिने लगेच करून दाखवलं, लहान घड बुडतो, मोठ्याला पाऊण लागतो. उंची कमी असलेल्यांनी पाटावर उभं राहायचं, म्हणजे घड तेवढा खाली येतो. दर दोन ओळींनी हात बदलायचा. आणि मान वर करून चालणारीला मध्येच बादली भरायच्या कामावर घ्यायचं, म्हणजे पाळीपाळीने सगळ्यांचा खांदा खाली येईल. मुकादम म्हणाली, "पाट उचलत बसलो तर ओळ मागं राहती, बागवाला बोलतो." तिचं खरं आहे. काम ठेक्यावर आहे, झाडांच्या हिशेबाने पैसे. बागमालकाशीही बोलले. तो म्हणाला, मावश्या दुपारनंतर दमल्या की घड नीट बुडत नाहीत हे त्यालाही माहीत आहे. पाट करून देतो. शब्द दिलाय, बघू.

या बायकांच्या हातातून गेलेला माल परदेशी जातो. प्रत्येक मण्याचा आकार मोजतात, रसायनाचे अवशेष तपासतात. खांदा कुणी तपासत नाही. याचा मला राग येतो आणि तो इथे लिहून ठेवायला हरकत नाही.

२ डिसेंबर

बहात्तर वर्षांचे निवृत्त एसटी चालक पिशवीत एमआरआयची फिल्म घेऊन आले. रिपोर्टमध्ये कंडरा फाटल्याचं लिहिलेलं, आणि तेव्हापासून झोप उडालेली. हात वर जातो, जोर बरा आहे, दुखणं दोन महिन्यांत निम्म्यावर आलंय. साठीनंतर बिनदुखत्या खांद्यांतही असे फाटलेले कंडरे पुष्कळ सापडतात. केस पांढरे होण्यासारखंच ते वयाचं लक्षण. त्यांच्या खांद्यावर उपचार करायचा आहे, फिल्मवर नाही. रबरी पट्टीचे व्यायाम दिले. तेच जर पन्नाशीतला गवंडी पडला असता आणि पडल्या क्षणापासून हात उचलता येत नसता, तर मी एक दिवसही न घालवता सर्जनकडे पाठवलं असतं. तिथे उशीर झाला की स्नायू आकसतो आणि शिवायलाही येत नाही.

१४ डिसेंबर

समोरच्या बालरोगतज्ज्ञांकडे दोन वर्षांची पोर. बाबांनी हाताला धरून पायरीवरून उचललं, तेव्हापासून हात लुळा सोडलेला, तळवा खाली. डॉक्टरांनी हात वळवला, बारीक टक् आवाज झाला आणि पाच मिनिटांत ती त्याच हाताने बिस्कीट खायला लागली. कड्यातून निसटलेलं हाड जागेवर आलं. बाबांचा चेहरा तिच्यापेक्षा उशिरा सावरला. लहान मुलांना हाताला धरून नव्हे, काखेत हात घालून उचलावं, इतकंच.

संध्याकाळी कॉलेजचा मुलगा: करंगळी आणि शेजारच्या बोटाला मुंग्या. रात्री कोपर दुमडून मोबाईल छातीवर. कोपराच्या आतल्या बाजूने नस जाते, तिला ताण. झोपताना कोपराभोवती टॉवेल गुंडाळायला सांगितला.

२८ डिसेंबर

तालमीतला १९ वर्षांचा पैलवान, बरोबर वस्ताद. यात्रेच्या मैदानात धोबीपछाड घेताना खांदा निखळला. वस्तादांनी तिथेच काखेत टाच देऊन ओढून बसवला. हिप्पोक्रेटिसच्या नावाने जी पद्धत दोन हजारांहून जास्त वर्षं शिकवली जाते, ती हीच. वस्तादांना ती त्यांच्या वस्तादांनी शिकवली. त्यांच्या हाताला वळण आहे, हे मान्यच करावं लागेल. पण आत हाड मोडलेलं असेल तर त्या ओढण्यात ते अजून सरकतं, नस दुखावते. दंडाच्या बाहेरच्या बाजूला, बाहीचा बिल्ला लागतो तिथली चामडी मी कापसाने तपासली, जाणीव होती. बरं झालं.

मग हात बाजूला घेऊन हळूच मागे वळवला. पोराने काही बोलायच्या आधी त्याचा चेहरा बदलला आणि दुसरा हात माझ्या मनगटावर आला. खांदा पुन्हा निघेल ही भीती शरीरालाच कळलेली असते. खोबणीच्या कडेची गादी पुढून फाटलेली असणार. विशीच्या आतल्या, कुस्ती-कबड्डी खेळणाऱ्या पोरांत खांदा पुन्हा निखळण्याचीच शक्यता जास्त. वस्तादांना वाटत होतं, दोन महिने बदाम-दूध आणि विश्रांती की झालं. मी नीरज चोप्राचं सांगितलं: मे २०१९ मध्ये मुंबईत त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली, त्या वर्षीची जागतिक स्पर्धा त्याने सोडली, जानेवारी २०२० मध्ये ८७.८६ मीटर भाला फेकून ऑलिंपिकची पात्रता घेतली, आणि पुढच्या वर्षी टोकियोत सोनं. एक हंगाम सोडला म्हणून पुढचे मिळाले. वस्ताद बराच वेळ गप्प होते. मग पोराला म्हणाले, "मोठ्या डॉक्टरांना दाखवू. तालमीत पाय आणि कंबर करायची तोवर, खांद्याला हात लावायचा नाय." पुढच्या वेळी ओढण्याआधी एक्स-रे, एवढं त्यांनी कबूल केलं.

१७ जानेवारी

सात वर्षांचा मुलगा आला, म्हणजे पळत आला. कोपर वाकतं पूर्ण, सरळ व्हायला थोडंच कमी. एक्स-रेमध्ये स्नायूत हाड धरलेलं नाही. आजींनी मालिश खरंच थांबवली होती, आणि गल्लीत दुसऱ्या एका घरी जाऊन तिथलीही थांबवली म्हणे. गेल्या कित्येक महिन्यांत मला इतकं समाधान झालं नव्हतं.

बागेतल्या पाटांचं: दहा पाट आले, पैकी चार वापरात. बाकीच्या मावश्या म्हणतात, चढ-उतार जमत नाही. अर्धा मग मात्र सगळ्यांनी उचलला. चला, तेवढं तरी.

४ फेब्रुवारी

शाळेतल्या बाई. उजवा खांदा बाहेर ३० अंश, ऑक्टोबरमध्ये १० होता. वेणी घालता येते, हूक अजून नाही. रात्रीची झोप परत आली आहे. तीन महिन्यांची साखर साडेनऊवरून आठवर.

पण आज डावा दुखतोय म्हणाल्या. सांगताना आवाज कापत होता. तपासला: बाहेर वळणं ६५ होतं ते ४५ वर आलंय, शेवटी कळ. एका खांद्याचं झालं की काही जणींचा दुसराही धरतो, साखर असेल तर अधिकच. त्या म्हणाल्या, "पुन्हा तेच सगळं?" तेच सगळं होईलच असं मी मानत नाही. मागच्या वेळी त्या चार महिन्यांनी आल्या होत्या, तीन महिने पट्ट्यात हात ठेवून. या वेळी आठवडाभरात आल्यात. सुरुवातीच्या दुखण्याच्या काळात सांध्यात इंजेक्शन दिलं तर खांद्याला ते कोपरापेक्षा पुष्कळ कामी येतं, कळ बसते आणि व्यायाम करता येतो. साखर दोन-चार दिवस चढते, तेवढं सांभाळायचं. हाडांच्या डॉक्टरांना चिठ्ठी दिली, साखरेच्या डॉक्टरांना फोन केला. उद्या उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर. रिपोर्ट आला की गुरुवारी इंजेक्शन, शुक्रवारपासून भिंत.